तिच्या शेजारची जागा

१९९९ सालच्या मार्चमध्ये एका मंगळवारी मी शाळेतून घरी आलो. माझी बायको स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. गॅसवर भात होता. शेजाऱ्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ती गेल्याचं सांगितलं. मी गॅस बंद केला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीची दफनभूमी रत्नागिरीबाहेर सड्यावर आहे. वीतभर माती, खाली जांभ्याचा कातळ. तिथे कबर खणत नाहीत, फोडतात. चिरेखाणीवर काम करणाऱ्या माणसाला तिची कबर फोडायला दीड दिवस लागला. तोवर ती घरात बर्फावर होती. बर्फ बंदरावरून आणला होता आणि त्याला मासळीचा वास होता. मी त्या वासाजवळ बसून राहिलो.

मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, मी त्याच माणसाकडून तिच्या उजवीकडे माझी कबर फोडून घेतली. चारी बाजूंना चिरे लावले, वर कडाप्प्याच्या फरश्या टाकून सांधे सिमेंटने बुजवले. आम्हाला मूल नव्हतं. माझ्यासाठी कुणाला दीड दिवस थांबावं लागू नये, असं मी मंडळीच्या पंचांना सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं. खरं कारण एवढंच होतं की ती जागा दुसऱ्या कुणाला जाऊ नये.

"लोक घर बांधून ठेवतात मास्तर, तुमी ह्या काय बांधून ठेवताव?" पहार पुसत तो माणूस म्हणाला. "रिकामी कबर माणूस मागते हां."

"मागू दे. मी आहेच," मी म्हणालो.

दर रविवारी उपासना झाली की मी तिथे जाई. तिच्या कबरीवर फुलं ठेवी आणि माझ्या फरशीवर बसे.

बायको होती तेव्हा आमच्याकडे दर शनिवारी एक म्हातारी जेवायला येई. आमच्याच मंडळीतली. तरुणपणी आतल्या एका खेड्यातून आली होती आणि मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करून म्हातारी झाली होती. तिला माणूस असं कुणी नव्हतं. ती फार बोले, जेवताना भुरके मारी, आणि माझ्या वाचनाची वेळ नेमकी तीच असे. बायको तिचं ताट आधी वाढी, माझं नंतर. सकाळी भात लावण्याआधी एक मूठ तांदूळ मंडळीला द्यायच्या डब्यात, एक मूठ म्हातारीच्या नावाने वाडग्यात, मग आमचे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "धर्मशाळा काढली आहेस का? उरलंसुरलं बांधून दे आणि लाव वाटेला."

"अहो, उरलेलं कुत्र्यालाही घालतात," ती म्हणाली. "त्यात आपलं काय गेलं?"

बायको गेल्यावर मी पुष्कळ वाटलं. साड्या, भांडी, शिवणयंत्र. त्या म्हातारीलाही दोन साड्या दिल्या. मन मोठं आहे हो सरांचं, असं लोक म्हणत, आणि मला ते आवडे. पण त्यातलं काहीच मला नको होतं. त्या साड्या समोर दिसत तेव्हा मला झोप लागत नसे.

म्हातारी शनिवारी येतच राहिली. पहिल्या शनिवारी मी तिला हॉटेलातून आणलेलं जेवण दिलं. दुसऱ्या शनिवारी घरात असून दार उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी ती खिडकीशी आली.

"मास्तर, जेवाण नको. वाईच बसतंय. बायची आठवण येते."

"मला वाचायचं आहे," मी म्हणालो.

"वाचा की. मी काय पुस्तकावर बसतंय?"

मी खिडकी लावून घेतली. ती पायरीवर बराच वेळ बसली होती. मग तिच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला. त्यानंतर ती आली नाही.

दुसऱ्या वर्षी जुलैत ती वारली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी पाळकसाहेब आणि एक पंच छत्र्या निथळत माझ्या दारात आले. कुंपणाजवळ कातळ फोडायला घेतला होता, पण गुडघाभर खड्डा झाला की तो पाण्याने भरत होता. म्हातारी खोलीत पडून होती. या पावसात बर्फाचा टेम्पोही वर चढेना.

त्यांनी माझी रिकामी कबर मागण्याआधीच मी म्हणालो, "नाही. तिथे माझी बायको आहे."

पंच म्हणाले, "सर, तुम्हाला काय आज जायचंय?"

"चला," पाळक त्यांना म्हणाले. "सरांवर जबरदस्ती नको."

ते वळले. मी सवयीने स्वयंपाकघरात गेलो. फळीवर मंडळीच्या मुठीचा डबा होता. बायकोने टाकलेले तांदूळ त्यात तसेच होते. तिच्या हाताचे म्हणून मी ते मंडळीला पोचवले नव्हते आणि डबा कधी उघडलाही नव्हता. त्या दिवशी उघडला. तांदळाला जाळं धरलं होतं. आत किडे होते आणि पीठ होतं. तिने जे देऊन टाकलं होतं, ते मी सव्वा वर्ष अडवून ठेवलं होतं.

छत्री न घेताच मी बाहेर आलो. ते दोघं फाटकाशी पोचले होते.

"फरश्या उचलायला माणसं लागतील," मी म्हणालो.

दुपारी तिला पुरलं. सांध्यांतून झिरपलेलं पाणी डबड्याने उपसावं लागलं. पेटी बंद करण्याआधी मी पाहिलं, तिच्या अंगावर माझ्या बायकोची हिरवी साडी होती. दिलं म्हणून मला काही हलकं वाटलं नाही. पेटी खाली गेली तेव्हा मला राग आला होता, आणि मी रडलो तो माझ्या जागेसाठी. देणाऱ्यावर देव प्रसन्न असतो असं मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत आलो होतो. देताना माणूस असा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. बायकोला माहीत असावं. माझ्या कुरकुरीसमोर दर शनिवारी ती ते ताट कशी वाढत असेल, हा विचार मी पहिल्यांदा तिथे, चिखलात उभा राहून केला.

पाऊस उघडल्यावर चिरेखाणीवरचा माणूस भेटला. "मास्तर, दुसरी फोडू का?"

"नको," मी म्हणालो.

आता माझ्या बायकोच्या उजवीकडे ती म्हातारी आहे आणि डावीकडे कुंपण आहे. माझ्यासाठी कबर फोडलेली नाही. डबा मी घासून फळीवर ठेवला आहे. सकाळी भात लावण्याआधी एक मूठ त्यात टाकतो आणि महिनाअखेर मंडळीत पोचवतो. शनिवारी दार उघडं ठेवतो. कुणी येत नाही.