चांदीच्या पट्टीवर मिठाचं पाणी

सोमवारची पहिली केस म्हणून आमच्या सर्जन सरांनी सुगंधाबाईंचं नाव ऑपरेशनच्या यादीत लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या हातात सलाईनची बाटली होती. उजव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग, बोटांसकट, काढायचा होता.

"चांदीची पट्टी फेल गेली, ब्रदर," सर म्हणाले. "तीन आठवडे दिले. आता आणखी थांबलो तर गुडघ्यापर्यंत जावं लागेल."

मी मान हलवली. लातूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ड्रेसिंग रूमचा इनचार्ज आहे, मूळचा नांदेडचा. एकवीस वर्षं जखमा धुतोय, आणि त्याचा मला थोडा माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वेळी आम्ही जंतू मारणाऱ्या दोन पट्ट्या ताडून बघत होतो. एकीत औषधी मध, म्हणजे निर्जंतुक केलेला, किराणा दुकानातला नव्हे. दुसरीवर चांदीचा अगदी पातळ थर. तो ओला झाला की त्यातून चांदी सुटते आणि जंतू मरतात. सरांनी शुगरचे दोन पेशंट निवडले, दोघांच्याही तळपायाला जखम. मुरुडच्या एका बस कंडक्टरला मध, सुगंधाबाईंना चांदी. दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद धरायचा, मार्करने कडा गिरवायची आणि कागद रजिस्टरला लावायचा. दोघांवरून काही सिद्ध होत नाही, हे सरांनाही माहीत होतं. पण पुढे कुठली पट्टी मागवायची ते ठरवायचं होतं.

कंडक्टरची जखम प्रत्येक कागदावर आकसत गेली. सुगंधाबाईंची जागची हलेना. वर पिवळट थर, तो खरवडला की चार दिवसांत पुन्हा.

सुगंधाबाई कोचिंग क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. दोन वेळच्या पोळ्या, सगळ्या उभ्याने. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. अर्धं पाऊल गेलं की स्वयंपाकाचा ओटा सुटला, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शनिवारी मी त्यांची ऑपरेशनआधीची शेवटची पट्टी बांधायला घेतली. त्या मान वाकडी करून बघत होत्या.

"भाऊ, त्या पट्टीवर काय ओतून राहिलात?"

"सलाईन. ही पट्टी ओली केल्याशिवाय काम करत नाही."

"म्हंजी काय असतंय त्यात?"

"मिठाचं पाणी, मावशी. निर्जंतुक."

"आन् मीठ कशाला? डाळ चढवताना मीठ घातलं की लवकर शिजत न्हाई. मी शेवटाला घालते."

"मावशी, ही डाळ नाही."

"हाव, डाळ न्हाई. पाय हाय माझा."

मला राग आला. खोक्यातलं माहितीपत्रक काढलं, त्यांना वाचूनच दाखवावं म्हणून. तीन आठवड्यांत ते एकदाही उलगडलं नव्हतं. कंपनीच्या माणसाने डेमो दिला तेव्हा मी दारात उभा राहून मान डोलावत होतो, लक्ष चहाकडे. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: पट्टी निर्जंतुक पाण्याने भिजवा, सलाईन वापरू नका. मिठातलं क्लोराइड चांदीला धरून बसतं, तिला जंतूंपर्यंत पोचू देत नाही.

आमच्याकडे सगळं सलाईननेच धुतात, सलाईननेच भिजवतात. हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सोमवारी पाऊल गेलं असतं आणि रजिस्टरमध्ये चांदी नापास झाली असती. हा विचार माझ्या मनात आला होता. त्याची आजही लाज वाटते.

पत्रक घेऊन मी ओपीडीत गेलो. सरांनी ते दोनदा वाचलं.

"किती वेळा सलाईन?"

"प्रत्येक वेळी, सर."

"आणि मी पाय कापणार होतो." आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. मग त्यांनी एक्स-रे पुन्हा प्रकाशात धरला. "हाड स्वच्छ आहे, ताप नाही. दहा दिवस देतो. रोज मला जखम दाखवायची. लाली वर चढली तर त्याच दिवशी ऑपरेशन."

इंजेक्शनची पावडर विरघळवतात ते निर्जंतुक पाणी मी मागवलं. बाकी सगळं तेच ठेवलं: तीच गोळ्या-औषधं, तसंच खरवडणं, पायावर भार बंद. पट्टी बांधताना सुगंधाबाईंना सांगितलं, "मावशी, चूक माझी होती. तुमच्या पायाची नव्हती, पट्टीचीही नव्हती."

त्यांनी पाय आणखी पुढे केला. "मग आता नीट करा," म्हणाल्या.

दहाव्या दिवशी पिवळा थर गेला होता आणि तळाशी लाल दाणेदार मांस दिसत होतं. कडा मार्करच्या जुन्या रेषेच्या आत आली होती. सरांनी ऑपरेशनच्या यादीतलं नाव खोडलं. जखम पूर्ण भरायला साडेतीन महिने लागले. आता त्या उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटतात.

मध चांगला की चांदी, असं मला अजूनही लोक विचारतात. मला माहीत नाही. ते तीन आठवडे आम्ही मधाची तुलना चांदीशी करतच नव्हतो, माझ्या सवयीशी करत होतो. चांदी आधी का चालली नाही याचं कारण सरांनी रजिस्टरमधल्या त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहून घेतलं.

सुगंधाबाई दर महिन्याला पाय दाखवायला येतात. आता पट्टी लागत नाही. तरी ड्रेसिंग रूमच्या दारातूनच विचारतात, "आज पानी कोन्तं हाय, भाऊ?" आणि आत कुणाचंही ड्रेसिंग चालू असो, मी बाटली उचलून लेबल त्यांच्याकडे करतो.