खाडीच्या अंगाला

जुन्या फोटोंचा खोका उघडला, की फिल्म धुण्याच्या रसायनाचा आंबूस वास येतो आणि पेणजवळचं खाडीकाठचं ते स्मशान आठवतं. नव्वदच्या दशकात मी सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन गावोगावच्या स्मशानांचे फोटो काढायचो. त्यांत माणूस येऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. इथे पत्र्याची शेड, चिता रचायचा लोखंडी सांगाडा आणि मागे मिठाचे पांढरे ढीग होते. दुसऱ्या खेपेला उजेड ताडून पाहायला पहिला फोटो सोबत नेला होता. वाटेतल्या घरी पाणी मागितलं, तेव्हा तिथल्या म्हातारीने तो हातात घेतला. घरापासून स्मशान हाकेच्या अंतरावर. "आमच्यात बाया तिकडं जात नाय. मालक गेलं तवा मी दारातच व्हती," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "डोकं कुठल्या अंगाला ठेवतात, भाऊ?" मला ठाऊक नव्हतं. तरी मी फोटोत खाडीच्या बाजूला बोट ठेवलं. "बरं झालं. तिकडं आमचं मिठागर हाय." पाणी पिऊन मी निघालो. नंतरही त्या गावात बऱ्याचदा गेलो. खरं काय ते कुणीही सांगितलं असतं; मी अजून विचारलेलं नाही.