फेट्याची झोळी

आमच्याकडे तेव्हा बापाने वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं पोर उचलायचं नाही, असा रिवाज होता. पोर रडो नाहीतर पडो, बापाने आढ्याकडे बघत बसायचं. आमच्या वडलांनी, म्हणजे दादांनी, मला कधी कडेवर घेतल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. बायको दुसऱ्यांदा बाळंत झालेली. धाकट्याने आईची कूस बळकावली म्हणून आमची दीड वर्षांची थोरली दिवसभर भोकाड पसरायची. पाठीला बांधलं तरच गप्प. खुरपणीला जाताना आईने तशी सवयच लावून ठेवली होती.

बाजारच्या दिवशी मी बाळंतिणीसाठी डिंक-खारीक आणायला काष्टीला निघालो, तशी पोरीने पायाला मिठी मारली.

"न्या की पाठीला बांधून," बायको अंथरुणातून म्हणाली. "दादा बैलबाजारात असत्याल. त्यांना कोन दिसतंय तिथं?"

मग तिच्या जुन्या लुगड्याची झोळी करून मी पोर पाठीला बांधली. बाजारात एकाने विचारलंच, "काय रं, लुगडं कवापासनं नेसाया लागला?" मी दात काढले. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. मानेवर तिचा ऊन ऊन श्वास लागायचा आणि मी उगाचच ताठ चालायचो.

खारीक घेऊन वळलो, तर समोर दादा.

मी झटकन मान खाली घातली. पोरीने मात्र आजोबा दिसताच हात पसरून उसळी मारली. गाठ सुटली आणि ती सरकत पार कमरेखाली आली. दादांनी पुढे होऊन तिला वरच्यावर झेललं.

"ह्याला गाठ म्हनत्यात व्हय?"

एवढंच बोलून त्यांनी डोक्याचा फेटा सोडला. चारचौघांत बोडकं डोकं कधी न दाखवणारा माणूस. भर बाजारात माझ्या पाठीवर पोर ठेवून त्यांनी काखेतून, खांद्यावरून असे वेढे दिले, की पोर जरा हलेना. हात सरावाचे होते.

वाटभर दादा उन्हात तसेच चालले. वेस दिसली तसा मी म्हणालो, "दादा, गाव आलं. फेटा बांधा आता."

"निजलीया ती. ऱ्हाऊ दे." मग म्हणाले, "तू बी असाच निजायचा. रानात. तिथं कोन हुतं बघायला?"

दादा बोडक्या डोक्याने माझ्यापुढे वेशीतून आत गेले.