मावशींसाठी घातलेलं गाऱ्हाणं

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की तोंडात पहिली येते ती प्रभादेवीकडच्या एका गल्लीतली ही साधी अपघाताची केस. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं आजही तिथेच राहतात आणि चांगली आहेत.

गल्लीच्या तोंडाशी भुयारी मेट्रोचं नवं स्टेशन झालं होतं. काम चालू असताना तिथल्या लोकांनी काय सोसलं, ते मी बंदोबस्ताला उभं राहून पाहिलंय. धूळ, धडधड, भिंतींना भेगा. मेट्रो सुरू झाली तेव्हा निम्मी गल्ली नटूनथटून गारेगार डब्यात बसून आली. उरलेली निम्मी म्हणाली, "गाडी गेली जमिनीखालून, ताप मात्र आमच्या डोक्यावर." दोघांचंही खरं होतं. कामासाठी रस्त्यात उभे केलेले पत्रे अजून निघायचे होते आणि दोन पत्र्यांमध्ये एक फट होती. मोठा वळसा वाचवायला दुचाकीवाले त्या फटीतून उलट्या दिशेने घुसायचे. वर हॉर्न असे वाजवायचे, की जणू चूक समोरच्याचीच.

गल्लीने याविरुद्ध समिती काढली. पुढाकार गल्लीतल्या मंडळाच्या खजिनदाराचा. चाळिशीच्या आतबाहेरचा, बँकेत नोकरी करणारा, शब्दाला पक्का माणूस. मेट्रोच्या कामात पाणी तुटलं तेव्हा टँकर आणले त्याने, भेगांची पाहणी करवली त्याने. 'उलट्या दिशेने वाहन चालवू नये' ही पाटीही त्यानेच लावली.

आणि एका सकाळी, त्या फटीशीच, फुलवाल्या मावशींना कुणीतरी उडवलं. मावशी म्हणजे गल्लीचा जीव. तीस-चाळीस वर्षं कोपऱ्यावर हार विकत होत्या. डोक्याला मार लागला, शुद्ध गेली. आम्ही पोहोचलो तोवर जमावाने मेट्रोच्या कामावरच्या एका डंपरचालकाला केबिनमधून ओढून बेदम हाणला होता. त्याचा उजवा हात मोडलेला. मराठवाड्यातला माणूस, सारखं एकच म्हणत होता, "साहेब, गाडी बंद होती हो. मी भाकर खात होतो."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, चालकाला अटक दाखवली. गुन्हा जामिनाचा होता, पण या शहरात त्याला जामीन राहणार कोण? ठेकेदाराने तर त्याच दिवशी हात झटकले. मावशी वाचल्या नसत्या तर कलम वाढलं असतं, आणि हा माणूस काही वर्षं तरी आत गेला असता. इकडे गल्ली एकमुखाने सांगत होती: "डंपर भरधाव आला."

इथेच मी कान टवकारले. सगळ्या साक्षीदारांच्या तोंडी 'भरधाव'! अहो, हा शब्द पेपरात छापतात, कुणी बोलत नाही. खरा साक्षीदार म्हणतो, "सुसाट आला, काय समजलंच नाय." साक्षीदारांत थोडंफार इकडेतिकडे असतंच. एकाला गाडी निळी दिसते, दुसऱ्याला काळी. सगळ्यांना एकच दिसलं, की समजावं, आदल्या रात्री बैठक झालीय.

मी पुन्हा जागेवर गेलो. मावशींचा लोखंडी स्टँड गुडघ्याच्या उंचीला वाकला होता. डंपरचा बंपर माझ्या छातीला लागत होता. कोपऱ्यावरचा कॅमेरा पाहावा म्हटलं, तर त्याच्यासमोर कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक. शुभेच्छुकांचे फोटो तेवढे स्पष्ट दिसत होते.

त्याच दुपारी आमच्या पोलीस ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. बाईचा आवाज, दबलेला. "साहेब, त्या डंपरवाल्याचा काही दोष नाही. त्याला अडकवू नका." पुढे काही विचारेपर्यंत फोन बंद.

एकेकाला ठाण्यात बोलावून घेतलं. मी आवाज चढवत नाही. चहा मागवतो आणि गप्प बसतो. गप्प बसणारा पोलीस लोकांना सहन होत नाही. पण ही गल्ली वस्ताद निघाली. चहा प्यायली, 'भरधाव' म्हणाली आणि घरी गेली. खजिनदारही आला.

"स्कूटर आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहे. गॅरेजला टाकलीय."

"नवीच होती ना?"

"नव्या गाड्यापण बिघडतात, साहेब."

बोलताना तो माझ्याकडे नाही, कपाकडे पाहत होता. ओळखलं मी. पण ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि अख्खी गल्ली त्याच्या पाठीशी भिंतीसारखी उभी होती. त्यांचा हिशेब सरळ होता: आपला माणूस वाचवू, परका काय, जाईल गावाला. मेट्रोवरचा राग होताच मनात. वड्याचं तेल वांग्यावर काढलं.

मग कानावर आलं, की मावशींना बरं वाटावं म्हणून गल्लीतल्या देवळात गाऱ्हाणं घालणार आहेत. मी नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये वाढलेला, पण गाव कणकवलीकडचं. गाऱ्हाणं म्हणजे काय ते आईच्या मांडीवर शिकलोय. एक जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या 'व्हय'शिवाय मागणं पोचत नाही. मी साध्या कपड्यांत गेलो आणि मागे चपलांपाशी उभा राहिलो. मला पाहून माना वळल्या, पण देवळातून पोलिसाला हाकलणार कोण?

गाऱ्हाणं घालायला होते आबा. ऐंशी पार केलेले जुने गिरणी कामगार. गुडघ्यांमुळे खाली फारसे उतरत नसत. गल्लीने सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक. आवाज मात्र अजून भोंग्यासारखा.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

"ह्या माऊलीन सगळ्यांच्या देवांक फुलां दिल्यान. तिका खाटीवरसून उठव आनि तिच्या जाग्यार परत बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका डोळे पुसत होत्या.

"आनि ज्या डंपरवाल्यान तिका उडवल्यान, तेका तेच्या कर्माचा फळ दी रे म्हाराजा!"

कुणी बोललं नाही.

आबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटलं. माझ्यासमोर बेधडक 'भरधाव' म्हणणारे सगळे तिथे होते. कुणी फरशीकडे पाहतंय, कुणी नारळाकडे. पोलिसाशी खोटं बोलायला माणसाला काही वाटत नाही हो. आम्हाला सवय आहे. पण त्या 'व्हय'शी खोटं बोलायला त्यांची जीभ उचलेना. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, खरं सांगतो, अभिमान वाटला.

आबा मागे वळले. "काय रे, वाचा बसली काय तुमची?"

खजिनदाराच्या बायकोला हुंदका फुटला. तो उठला, दोन्ही हात जोडले.

"आबा, ते वाक्य बदला. डंपर नव्हता. मी होतो."

आबांनी पुढचा नारळ पुन्हा नीट ठेवला. मग देवाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा, लेकराची चूक झाली. ती पदरात घे, आनि त्या गरीब डंपरवाल्याक मोकळो कर रे म्हाराजा!"

त्यावर जो 'व्हय' आला, तसा मी गावातही कधी ऐकला नव्हता.

देवळातल्या कबुलीवर कोर्टात भागत नाही, हे मला कळतं. आमचं काम तिथून पुढे सुरू झालं. गॅरेजमधून स्कूटर जप्त केली. पुढच्या मडगार्डवर मावशींच्या स्टँडचा हिरवा रंग मिळाला. रोज बायकोला ऑफिसला सोडायला उशीर व्हायचा, म्हणून पाटी लावणारा स्वतःच त्या फटीतून जायचा. "आपण काय, जपून जातो," असं प्रत्येक उलट्या येणाऱ्याला वाटतं. साक्षीदारांनी जबाब बदलले, तेही दंडाधिकाऱ्यांपुढे. मारहाणीचा वेगळा गुन्हा घेतला, तो मी कुणाच्या सांगण्यावरून सोडला नाही. खजिनदारावर खटला चालला, शिक्षा झाली, ती त्याने मान खाली घालून भोगली. डंपरचालक सुटला. त्याच्या हाताचा इलाज गल्लीने केला. मावशी काठी टेकत पुन्हा कोपऱ्यावर बसल्या. फोन कुणी केला होता, हे मी विचारलं नाही. आवाज मी देवळातल्या हुंदक्यात ओळखला होता.

या केसने मला शिकवलं ते असं: खोटं बोलणारी माणसं वाईटच असतात असं नाही. त्यांना खरं कुठे बोलता येतं, ती जागा शोधावी लागते. ती ठाण्यात असतेच असं नाही.

निवृत्त झालो तेव्हा त्या गल्लीने मला बोलावलं. आबांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोलिसान नोकरीत कोणा गरिबाचो तळतळाट घेतल्यान नाय, तेका सुखात ठेव रे म्हाराजा!"

आयुष्यभर मी लोकांना घाम फोडला. त्या दिवशी पाठीमागून आवाज येईपर्यंत घाम मला फुटला होता.

'व्हय' आला. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर आवाज होता तो ज्या खजिनदाराला मी अटक केली होती, त्याचा.