दारातलं मढं

आमच्या बिल्डिंगमध्ये हॅलोविन सुरू झालं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. इथे आखातात, अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटांत राहणारी आम्ही माणसं वसईची, रत्नागिरीची, केरळची, पंजाबची. आमच्यातल्या एकाच्याही आजोबांनी भोपळ्याचं भाजीपलीकडे काही केलं नसेल. पण पोरांनी ते शाळेतून उचलून आणलं, आणि पोरांपुढे कोणाचं चालतं? ऑक्टोबर संपता संपता एका संध्याकाळी तोंडं रंगवून पोरं जिने चढतात, बेल वाजवतात, चॉकलेटं नेतात. ज्या घरातली चॉकलेटं संपली ते घर आपला बाउल दाराबाहेर पालथा घालून ठेवतं, म्हणजे मागून येणारी पोरं उगाच बेल वाजवत नाहीत.

गेल्या वर्षी सगळ्या मजल्यांवर बाउल पालथे पडले आणि आमचा तेवढा भरलेला राहिला. माझी मुलगी परीचे पंख लावून दाराशी खुर्ची टाकून बसली होती. जिन्यावरून पावलं यायची, आमच्या दारापाशी हळू व्हायची आणि एकदम पळत सुटायची. शेवटी तिने पंख काढून कपाटात ठेवले. रडली असती तर बरं झालं असतं. तिने मला इंग्रजीतच सांगितलं की वर्गातली मुलं म्हणतात, तुझे पपा मेलेल्या माणसांना हात लावतात.

खोटं नव्हतं ते. मी एका हॉटेलात मेन्टेनन्सला आहे. लग्नाआधी माझा एक रूममेट झोपेतच गेला, आणि त्याला गावी पोचवायला कोणी पुढे होईना म्हणून मी झालो. पोलीस, इस्पितळ, वकिलात, विमानतळाचा कार्गो, सगळीकडे हेलपाटे घातले. तेव्हापासून माझा नंबर फिरतो आहे. नळ गळला की प्लंबरला फोन करतात, तसा माणूस गेला की मला. आणि काम झालं की तीच माणसं लिफ्टमध्ये मला बघून कोपऱ्यात सरकतात. गरज सरो नि वैद्य मरो. मला त्याचा राग येत नाही असं मी बायकोला सांगतो. येतो. चांगलाच येतो.

म्हणून यंदा मी ठरवलं की आमच्या दारात असं भूत बसवायचं की बिल्डिंगमधलं एकही पोर घरी राहता कामा नये. घाबरायला येताय ना, मग या. बायकोला हे पसंत नव्हतं. आम्हा ख्रिस्ती माणसांत दोन नोव्हेंबरला मृतांची आठवण करतात. कबरी धुवायच्या, फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या. त्याच्या तोंडावर हा तमाशा कशाला, असं तिचं म्हणणं. पण मुलीचं तोंड बघून ती गप्प बसली.

हॉटेलात फॉल्स सीलिंगचं काम चाललं होतं, तिथून उरलेलं पीओपी मागून आणलं. बाल्कनीत बादलीत ते कालवलं आणि रबरी हातमोज्यात ओतून मोजा कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने टांगला. दुसऱ्या दिवशी मोजा सोलला तर आत हात तयार. करंगळी तुटली, ती डिंकाने चिकटवली. फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे लावून डोकं केलं. अंगाला माझा जुना बॉयलर सूट, आत उशा कोंबलेल्या. मनगटाला तंगूस बांधून ती दाराच्या फटीतून आत घेतली. मासे पकडायची ती नायलॉनची दोरी मुलीने आतून ओढली की हात बाउलमधून वर यायचा. या सगळ्यात ती माझ्या शेजारी बसून होती. इतकी बडबडताना मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

मग मी रंगवायला घेतलं. कॉफीच्या पाण्यात टिश्यू पेपर बुडवून कातडी केली. नखं निळसर केली, ओठ थोडे जास्त काळे. काही बघून करायची गरज पडली नाही, हात आपोआप चालला होता. नाकपुड्या फार मोठ्या झाल्या म्हणून मुलगी कुरकुरली, तर मी डबीतला कापूस घेतला, दोन बोळे वळले आणि नाकात बसवले.

बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि कप खाली ठेवला.

"कोण आहे हा?" तिने विचारलं.

काय आहे असं नाही, कोण आहे. तेव्हा मी मागे सरकून बघितलं. करायला गेलो भूत, झालं मढं. परदेशी भुतांना सुळे असतात, रक्त असतं. नाकात कापूस फक्त आपल्या माणसांच्या असतो. बायको म्हणाली, तो काढ. मी काढणारच होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन मुली डोकावल्या, किंचाळल्या, खिदळल्या, आणि संध्याकाळी सगळ्यांना घेऊन येतो म्हणाल्या. मुलगी माझ्या हाताला लोंबकळून म्हणाली, "पपा, काही चेंज नको ना करू." कापूस राहिला.

तिने माझ्याकडून आणखी एक वचन घेतलं. आजची संध्याकाळ फोन घ्यायचा नाही. मी तिच्या देखत फोन बंद करून फ्रिजवर ठेवला.

अंधार पडला. दारातलं मढं मांडीवर बाउल घेऊन बसलं होतं, खालून पोरांचा गलका ऐकू येत होता. पहिली बेल वाजली तेव्हा मुलीचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. तिने एका हाताने दोरी ओढली, दुसऱ्याने दार उघडलं.

दारात एक माणूस उभा होता. अंगावर दुकानातल्या कामाचे कपडे, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पासपोर्ट. तो पासपोर्ट कोणाचा असतो हे मला सांगावं लागत नाही. फोन लागेना म्हणून पत्ता विचारत तो लांबच्या रुस्ताक गावाहून आला होता. मढ्याचा हात त्याच्यासमोर हवेत तसाच राहिला होता, कारण मुलगी दोरी सोडायची विसरली होती. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्या नाकाकडे बघत होता.

"माझ्या भावाला पण असाच कापूस घातलानी सकाळी," तो म्हणाला.

आणि तिथेच, मढ्याच्या पायाशी, भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. मी कापूस उपटून काढला. आता काढून काय उपयोग होता?

नेमकी तेव्हाच पोरं जिना चढून आली. बिल्डिंगमधली सगळी, मुलीला हवी होती तेवढी. त्यांना वाटलं रडणारा माणूस हाही देखाव्यातलाच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मोबाईलवर फोटो काढला. मी हात जोडून त्यांना जायला सांगितलं तर ती आणखी हसली. मग मागून आलेल्या एका आईने पिशवी बघितली, मला बघितलं आणि कोंबड्या हाकाव्यात तशी सगळ्यांना खाली नेली. एकानेही चॉकलेट घेतलं नव्हतं. पुढच्या वर्षी कोणी येणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, हे मला तिथेच कळलं. मुलीलाही कळलं असावं, कारण तिने दोरी सोडली आणि हात धपकन बाउलमध्ये पडला.

बायकोने त्याला आत घेऊन पाणी दिलं. भाऊ दुकानातच कोसळला होता. घरी बायको, दोन लहान मुलं. पुढच्या महिन्यात सुट्टीवर जायचा होता. मी नेहमीचे प्रश्न विचारत होतो, तो उत्तरं देत होता. पेटीबरोबर विमानाने कोण जाणार असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, मीच.

मुलगी बाउल घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अंकल, तुम्ही गावाला चालला? मग चॉकलेट घेतला?"

मला तिला ओरडावंसं वाटलं. पण तिचं काय चुकलं होतं? तिच्या आयुष्यात गावाला जाणं म्हणजे बॅगेत कपड्यांपेक्षा चॉकलेटं जास्त. इथून कोणी हात हलवत घरी जात नाही. दारात उतरल्या उतरल्या पोरं बॅगेकडे बघतात.

त्याने बाउलमध्ये बघितलं. मग म्हणाला, "त्यानं पोरांना सांगितलान होतं, येताना आणतो म्हणून."

त्याने पिशवीतून पासपोर्ट काढून मला दिला आणि पिशवी तिच्यासमोर उघडी धरली. मुलीने बाउल पिशवीत ओतला. तळाला चिकटलेलं एक चॉकलेट नखाने सोडवून तेही टाकलं. नंतर ती दार उघडून बाहेर गेली, मढ्याला वळसा घातला आणि बाउल दाराबाहेर पालथा घालून आली.