बिनपोटाच्या बंबातला दगड

गणूदादा तांबट गेला हे मला बोर्लीच्या बाजारात, सुकटीच्या टोपलीपुढं उकिडवा बसलेला असताना कळलं. सुकट मापता मापता कोळीण म्हणाली, "मास्तर, तुमच्या श्रीवर्धनचा तांबट गेला न्हवं काल?" हातातली पिशवी गळून पडली, वगैरे मी लिहिणार नाही. पडली नव्हती. मनात पहिला विचार आला तो हा, की गणूदादा गेला आणि भाऊसाहेब अजून ठणठणीत आहेत! महिना होत आला, पण तो विचार काही मनातून जात नाही. म्हणून हा लेख. भाऊसाहेबांच्या घरी ही पुरवणी जाते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या भागातलं विहिरीचं पाणी किती जड, हे परगावच्या वाचकांना सांगून पटायचं नाही. ते प्यायलेला कावळा दोन दिवस फांदीवरून उडत नाही. ते तापवलं की भांड्याला आतून चुन्याचं पुट चढतं, आणि वर्षभर लक्ष दिलं नाही तर बंबात पाणी कमी आणि भिंत जास्त अशी गत होते. या भिंती पाडणारा गावात एकच माणूस, गणूदादा. दर अमावास्येला तो कोकमाचं आगळ, म्हणजे आंबटढाण रस, घेऊन निघायचा. बंबात ते ओतायचं, मंद जाळावर ठेवायचं, आतलं पुट फसफसून सुटलं की काठीनं ढवळून सगळं माडाच्या बुंध्यात ओतायचं. पहिला मान शंकराच्या देवळातल्या अभिषेकपात्राचा. त्याच्या बुडाचं भोक या पाण्यानं बुजू लागे आणि देवावरची धार तुटे. ती धार गणूदादा राखायचा. देवाला आंघोळ घालणारा मीच, गुरव नुसता मंत्र म्हणतो, असं तो म्हणे, आणि गुरवासमोर म्हणे.

अशात सुपारीच्या बागांचे मालक भाऊसाहेब यांनी मुंबईहून बोटीनं एक नवलाचा बंब आणला. त्याला पोटच नव्हतं. कोळशाच्या शेगडीवर तांब्याच्या नळीची नुसती वेटोळी, सगळी आतडीच. रहाटाचं पाणी पन्हळीतून एका टोकानं आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकानं कढत बाहेर. तो बघायला हरिहरेश्वरला निघालेले यात्रेकरू वाट वाकडी करून येत. बसवून दिला गणूदादानंच, आणि निघताना बजावलं, "भाऊसाहेब, नळी बारीक हाय. दर अवसेला आगळ फिरवाया पायजे, न्हायतर कोंदंल."

भाऊसाहेब हसले ते सात घरं पलीकडं मला ऐकू आलं. "अरे, हा बंब आहे की सोलकढीचं पातेलं? विलायती यंत्र आहे हे, गणू!"

वर्ष झालं नाही तोच धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी. तेव्हा या गृहस्थानं काय करावं? देवळाच्या पारावर, भर बाजाराच्या दिवशी, चारचौघांत सांगितलं की गणूनं बसवताना जाड नळी काढून बारीक घातली, मधलं तांबं खाल्लं. गणूदादा तिथंच उभा होता. तिथून गावानं त्याच्याकडं भांडी देणं सोडलं. तांबट आळीतली त्याची हातोडी सहा महिने मुकी होती. त्याचं त्याला काही वाटलं नाही, असं तो म्हणे. पण एका अमावास्येला तो आगळ घेऊन देवळात गेला, तर अभिषेकपात्र जागेवर नव्हतं. पंचांनी ते साफ करायला परगावी धाडलं होतं. त्या दिवशी तो माझ्या ओटीवर बसून राहिला, आगळाचं भांडं मांडीत धरून. "मास्तर," एवढंच म्हणाला, "देवाला पन खरं वाटलं काय हो?"

मी मनात दात धरला तो त्या दिवशी.

दिवाळी आली. भाऊसाहेबांच्या लेकीचा पहिला दिवाळसण, जावई मुंबईचा. तेल-उटणं लावून जावईबापू पाटावर बसले, तोटी फिरवली... तीन थेंब! मग त्या नळीनं अशी शिट्टी मारली की बंदरावरचे लोक बोट आली म्हणून गाठोडी घेऊन धावले. गणूदादाला बोलावणं गेलं. तो दारात येऊन म्हणाला, "नळी खोलतो. पन जिथं मला चोर म्हनलात, तिथंच खोलनार."

शाळेला सुट्टी होती, तरी मी जाऊन घंटा बडवली. अर्धा गाव पाराशी जमला. गणूदादानं आधी नळीच्या टोकावरचा मुंबईच्या कारखान्याचा ठसा सगळ्यांना दाखवला. मग छिन्नीनं नळी उभी चिरली, आणि आतून बोटाएवढा पांढरा दगड निघाला, मधल्या भोकातून सुईसुद्धा जाईना. तो त्यानं भाऊसाहेबांच्या तळहातावर ठेवला. "हे बघा मी खाल्लेलं तांबं. कसं गोरंपान हाय!"

भाऊसाहेब जमिनीकडं बघून पुटपुटले, "चूक झाली." मी मागून ओरडलो, "ऐकू आलं नाही!" त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा म्हणाले ते बंदरावर ऐकू गेलं. दगड मी उचलून खिशात घातला. त्याच अमावास्येला अभिषेकपात्र गणूदादाच्या हातात परत आलं.

जावई दुपारपर्यंत तेलात मुरत पडला होता, असं मी आजवर रंगवून सांगत आलो. ते खोटं आहे. पाराकडं येण्याआधीच गणूदादानं बायकोकरवी आपल्या बंबातलं दोन घंगाळं कढत पाणी भाऊसाहेबांकडं पोचवलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला. म्हणाला, "मास्तर, तो दगड अजून ठेवलाय न्हवं? भाऊसाहेबास्नी देऊन टाका. न्हायतर आगळात टाका, इरघळून जाईल. देवाची धार परत मिळाली, मला काय पायजे आनिक?" मी हो म्हटलं... मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

तेराव्याला भाऊसाहेब आले होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, तो दगड..."

"कुठला दगड?" मी विचारलं.

परवा अमावास्या होती. गणूदादाच्या सवयीनं मी वाडग्यात आगळ ओतलं, फडताळातून दगड काढला, बुडवला. लगेच बुडबुडे उठू लागले, बारीक फसफस ऐकू आली, अगदी तो शेजारी बसून बंब ढवळत असावा तशी. मी ऐकत राहिलो. मग दगड बाहेर काढला, धोतराच्या सोग्याला पुसून कोरडा केला आणि परत फडताळात ठेवला. थोडा झिजलाय.

पुढच्या अवसेला बघू, गणूदादा.