सासूबाईंच्या पायांना सूज नव्हती

डॉक्टरांनी यमूच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतावे तसा खळगा पडला आणि तो तसाच राहिला. ते म्हणाले, "ड्रॉप्सी."

मी दाराआड उभी होते. शब्द कळला नाही, पण खळगा दिसला.

ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी साठून सूज येणे, असे मागाहून इकडून समजावून सांगणे झाले. मी मराठी चौथी शिकले, तेवढ्या अक्षरांवर हे लिहिते आहे. कुणाला वाचून दाखवण्याची हिंमत नाही. पण यमू पुढे आपले घर चालवील. तिच्या घरी किंवा जिच्या हाती ही वही पडेल तिच्या घरी कुणाचे पाय सुजले, तर तिने आमच्यासारखे दिवस घालवू नयेत.

माझे माहेर देवासचे, सासर धारचे. घरात आम्ही चौघे. सासूबाई, संस्थानच्या कचेरीत कारकून असलेले माझे यजमान, नऊ वर्षांची यमू आणि मी.

श्रावण लागता लागता यमूला, यजमानांना आणि मला जुलाब झाले. पावसाळ्यात पोट बिघडतेच म्हणून सुंठ उगाळून दिली. मग पायांची आग होऊ लागली. माझी जोडवी बोटांत रुतली. मी साबण लावून ती काढली आणि कुणाला सांगितले नाही. कचेरीत जाताना इकडचा जोडा पायात जाईना, तर मला वाटले, चामडे ओलीने आक्रसले. माणूस आपली समजूत घालायला काय काय शोधून काढतो!

एके दिवशी यमू माडीचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसली. म्हणाली, "आई, जिना मोठा झाला का गं?" तिची छाती भात्यासारखी हलत होती. त्याच दिवशी आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टर बंगालकडचे होते, वयस्क, हिंदी बोलत. त्यांनी यमूची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर उकळली. मूत्रपिंड बिघडले असेल तर ती नासलेल्या दुधासारखी फुटते म्हणे. ती फुटली नाही. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि यजमानांना म्हणाले, "हार्ट थक गया है." म्हणजे हृदय दमले आहे. "इसे यहीं छोड़िए. लेटी रहे. और सूजन ऊपर चढ़ी तो मेरे हाथ में कुछ नहीं."

यमूला खाट मिळाली. मी बायकांच्या पडवीत खांबाला टेकून बसू लागले. तिथे बसणाऱ्यांना ठाऊक असते की वेळ घड्याळाने जात नाही, आतून येणाऱ्या पावलांनी जाते.

आता माझी चूक लिहिते. आमच्यासारख्या घरांतले कुणी दवाखान्यातले अन्न खात नाही. मी रोज सोवळ्यात स्वयंपाक करून यमूसाठी डबा नेत असे. पोरीच्या अंगात ताकद यावी म्हणून थालीपिठाला चार थेंब तेल जास्त सोडी. तिला चव यावी म्हणून भाताला वरून फोडणी देई. ती खाई, मला बरे वाटे, आणि सूज पोटरीवरून गुडघ्यावर चढे.

आठव्या दिवशी डॉक्टर यजमानांना बाहेर घेऊन आले. मी खांबामागे होते. त्यांनी विचारले, "घर में और किसके पाँव सूजे हैं?"

"माझे थोडे. हिच्या आईचेही असतील."

"किसके नहीं सूजे?"

"माझ्या आईचे नाहीत. साठी उलटली, पण ठणठणीत आहे."

"उनका खाना अलग बनता है?"

"नाही. एकच चूल, एकच स्वयंपाक."

यजमान खोटे बोलले नाहीत. पुरुषाला ताटात आलेले दिसते, कढईत काय गेले ते दिसत नाही. पण कढई माझ्या हातची होती. सासूबाईंनी आषाढी एकादशीपासून चातुर्मासाचा नेम धरला होता. त्या वर्षी त्यांनी तेल सोडले होते. त्यांची भाजी मी आधी बिनफोडणीची बाजूला काढत असे आणि वर तूप घालत असे.

परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. डॉक्टर पाठ फिरवून निघाले. ते दारात पोचले असते तर मी हे आज लिहीत नसते, किंवा वेगळे काही लिहीत असते. मी पदर ओढला आणि खांबामागूनच म्हटले, "सासूबाई तेल नी खावे."

हिंदी म्हणावी तर मोलकरणीची माळवी तोंडातून आली. डॉक्टर वळले. "क्या कहा, बेटी?"

मी पुन्हा सांगितले. ते दोन पावले परत आले. मग म्हणाले, कलकत्त्याकडे त्यांनी अशी सुजलेली घरेच्या घरे पाहिली होती. कुणी तांदळाला दोष देते, कुणी तेलाला. पुस्तकांत अजून नक्की ठरलेले नाही. "लेकिन आज से घर का तेल बंद. एक बूँद नहीं."

त्या संध्याकाळी मी तेलाचा डबा उघडला आणि मला शरम वाटली, कारण हे मोहरीचे तेल घरात आले तेव्हाच मला खटकले होते. रंग तांबूस होता आणि जिभेवर लावले तर घशात खवखवत होते. मी तसे म्हटलेही होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्या माणसाचा माल कुणी चाखून घेतं का? त्यापेक्षा त्याला तोंडावर चोर म्हण!"

आपला माणूस म्हणजे विनायकराव. त्यांनी धारेत दुकान घातले तेव्हा आम्हा दक्षिणी घरांना आनंद झाला. मराठीत बोलून वाणसामान मिळेल! त्याआधी गेंदाबाई तेलीण आपल्या घाण्याचे तिळाचे तेल दारी आणी. तिचा थेंब आम्ही तळहातावर चोळून, हुंगून, चाखून घेत असू, वर घासाघीसही करत असू. परकी म्हणून तिचा माल तपासला आणि आपले म्हणून विनायकरावांचा तपासला नाही. तिला आम्ही बंदच केले होते.

मी तिला बोलावणे धाडले. ती येऊन उंबऱ्याशी बसली आणि आधी टोमणा मारलाच, "कईं बई, दक्खणी तेल खतम वई ग्यो?" मग तेल हुंगून तिचा चेहरा उतरला. तिने त्याच दुकानची मोहरी मागितली, ताटात पसरली आणि नखाने दाणे वेगळे केले. मोहरीचा दाणा गोल, गुळगुळीत. दुसरा तेवढाच, पण काळा, जाळीदार, खरबरीत.

"यो राई नी हे, बई. सत्यानासी हे. इको तेल दीवा में बालां, खावां नी."

म्हणजे शेताच्या बांधावरचा पिवळा धोत्रा. त्याचे तेल दिव्यात जाळायचे, खायचे नाही. मोहरीबरोबर घाण्यात गेलेले ते तेल आम्ही दोन महिने खाल्ले होते.

यजमानांना विनायकरावांशी बोलायचा संकोच वाटत होता. म्हणाले, "मित्र आहे, बेताने सांगेन." पण सूज बेताने चढत नाही, आणि ते तेल आणखी किती घरांत जात होते कोण जाणे. दुसऱ्या सकाळी मी गेंदाबाईला बरोबर घेऊन दुकानाची पायरी चढले. जन्मात पहिल्यांदा.

विनायकराव गादीवर पायांवर उपरणे टाकून बसले होते. "वहिनी, तुम्ही स्वतः? निरोप धाडायचा!"

मी पुडीतले दाणे त्यांच्यापुढे ठेवले आणि काय ते सांगितले. ते उसळले. "माझ्या मालात खोट? वहिनी, मी हेच तेल घरी खातो!"

माझ्या तोंडून निघून गेले, "मग पाय दाखवा."

त्यांनी उपरणे सरकवले. पाय माठासारखे सुजलेले. गेंदाबाईने चुकचुक केली.

त्यांनीही तेल चाखून घेतले नव्हते. ज्या आडत्याकडून घेतले तो त्यांच्या मेहुण्याचा साडू. "आपल्याच माणसाला कसं विचारणार, वहिनी?" असे म्हणत त्यांनी उपरणे पुन्हा पायांवर ओढले. त्यांच्या घरी दोन लहान मुली होत्या. त्याच दिवशी त्यांनी ते तेल विकायचे बंद केले आणि ज्या ज्या घरी दिले होते तिथे स्वतः सुजल्या पायांनी जाऊन सांगितले. चूक त्यांची होतीच, पण असे सांगत फिरणारे दुकानदार फार नसतात.

यमूला दूध, मुगाचे पाणी आणि तुपाची फोडणी एवढेच दिले. पंधरा दिवसांनी सूज घोट्यांवर आली. दिवाळीला ती घरी होती. जिना अजून दमाने चढते आणि मध्ये थांबली की हसून म्हणते, "जिना अजून मोठाच आहे."

मी आता गेंदाबाईचेच तेल घेते, पण तिचेही चाखते. तिला राग येत नाही, उलट न चाखले तर येतो. मोहरी ताटात पसरल्याशिवाय बरणीत भरत नाही. नवे तेल जुन्यात ओतत नाही, म्हणजे खोट कुठली ते कळते. आणि घरात एकाला काही झाले तर आधी आठवते, कुणी काय खाल्ले आणि कुणी नाही. ही गोष्ट चुलीपाशी बसणारीलाच ठाऊक असते. डॉक्टर विचारतील तेव्हा तिने खांबामागे राहू नये. त्या वयस्क डॉक्टरांनी माझे मोडके बोलणे पाठ न फिरवता ऐकून घेतले, त्याबद्दल मी रोज देवापुढे त्यांचे नाव घेते.

सासूबाईंना मात्र ते लागून राहिले. म्हणत, "माझं पुण्य माझ्यापुरतंच आलं गं." पुढच्या आषाढीला त्यांनी गूळ सोडला. तेल सोडायचा धीर झाला नाही. मग माझ्याकडे वळून विचारले, "तू काय सोडणार यंदा?"

मी म्हटले, "भीड."

मला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्यांनी माझ्या हातातली तेलाची वाटी घेतली, एक थेंब स्वतःच्या तळहातावर घेतला, चोळला, हुंगला आणि हात माझ्यापुढे धरला.

"सोड," त्या म्हणाल्या. "फक्त कार्तिकीला पारणं करू नकोस."